मानाचं हाड

१

सकाळी नऊच्या सुमारास कॅप्टन मेदेत चॉकलेटचा डबा घेऊन अंगणात उभा राहिला, तेव्हाच शारबानूला कळलं की काहीतरी घोटाळा आहे. निवृत्त मास्तरणीकडे विद्यार्थी दोनच वेळा गोड घेऊन येतो: लग्न ठरलं की, नाहीतर काही करून बसला की. मेदेतचं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती.

"आपाय, चोर पकडला," वडीलधाऱ्या बाईला मारतात ती हाक मारून तो म्हणाला. "आणि खरं सांगायचं तर तुम्हीच पकडलात."

शारबानूनं कोंबड्यांचे दाणे खाली ठेवले. तीस वर्षं तिनं पोलीस अकादमीत 'माणूस गुन्हा का करतो' हा एकच विषय शिकवला होता. या डोंगराच्या पायथ्याशी राहायला आल्यापासून मात्र तिनं चोर सोडा, साधी कोंबडीही पकडली नव्हती. गुडघे कुठे साथ देत होते.

काल गावचे मानाचे म्हातारे, तोक्तार अक्साकाल, यांच्या सत्तरीची मेजवानी होती. गुडघ्यापायीच शारबानू गेली नव्हती. दुपारच्या चहाला तोक्तारच्या बायकोनं सासूचं जुनं चांदीचं कडं सगळ्यांना दाखवलं. मनगटाला कडं, तिथून तीन साखळ्या आणि टोकाला तीन अंगठ्या, असला नाजूक ऐवज. पुढच्या महिन्यात धाकट्या लेकीच्या, अक्बोताच्या लग्नात तिच्या हातात घालायचा. दाखवून पेटीत ठेवला आणि संध्याकाळी बघतात तर पेटी रिकामी.

"आज सकाळी सहा वाजता कडं सापडलं," मेदेत म्हणाला. "मेजवानीतलं मांस घरी न्यायच्या पिशवीत, खालच्या बाजूला. पिशवी कुठे होती? तबेल्यात, झोमार्तच्या खुंटीवर."

झोमार्त म्हणजे तोक्तारचे घोडे सांभाळणारा, आणि अक्बोताचा नवरदेवही तोच. अनाथाश्रमात वाढलेला पोरगा. बाप घोडेचोर होता, तुरुंगातच मेला. गावानं हे लग्न पचवलं होतं ते तोक्तारच्या शब्दाखातर.

"कुणी शोधून काढलं?"

"त्यानंच. पिशवी उघडली नि कडं घेऊन धावत मालकाच्या दारात. आपाय, तुम्हीच शिकवलंय, अपराध्याचं मन त्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याला आतून पकडलं जायचं असतं."

"मी असंही शिकवलं होतं की निरपराध माणसाला वस्तू सापडली की तो ती परत करतो."

"ते पुस्तकात नव्हतं," मेदेत प्रामाणिकपणे म्हणाला. "बघा ना. वंश, बालपण, संगत, तिन्ही सिद्धांत त्याला बसतात."

"अंगाला बसला म्हणून दुसऱ्याचा कोट आपला होत नाही, मेदेत."

"पण हा कोट तुम्हीच शिवलाय," असं म्हणून त्यानं बॅगेतून एक पिवळी पडलेली फाईल काढली नि चहाच्या टेबलावर ठेवली. शारबानूनं चष्मा लावला. अक्षर तिचं स्वतःचं होतं.

२

बावीस वर्षांपूर्वी तिनं अनाथाश्रमातल्या चाळीस मुलांची तपासणी केली होती. मुलगा क्रमांक सतरा, वय सात: 'उशीखाली पाव लपवून ठेवतो. विचारल्यास नाकबूल करतो. वडील चोर. चोरीची वृत्ती रुजलेली आहे, पुढे गुन्ह्याकडे वळण्याची शक्यता दाट.' खाली सही. सहीला तर केवढा तोरा.

त्या वर्षी आश्रमात दिवसाला एकदाच जेवण मिळायचं, हे तिला ठाऊक होतं. ते मात्र तिनं लिहिलं नव्हतं, कारण रकाना नव्हता.

"चार वाजता गाडी शहराच्या कोर्टाकडे निघते," मेदेत म्हणाला. "तुमचा अहवाल कागदांना जोडतोय. न्यायाधीश तुमचेच विद्यार्थी आहेत, बाई, नाव वाचूनच मान डोलावतील."

म्हणजे चार वाजता पोरगा जाणार, लग्न मोडणार, आणि पोरगा सुटून आला तरी गावात त्याला कुणी दारात उभं करणार नाही. हे सगळं शारबानूच्या एका ओळीवर. तिला स्वतःची इतकी चीड आली की ती चॉकलेटचा डबा घेऊन घरात गेली, तो कपाटात कोंबला आणि चपला घालून बाहेर आली.

"चल, चौकीवर ने मला."

"आता? गुडघा?"

"गुडघा माझा आहे. तू गाडी काढ."

कोठडीत झोमार्त बाकावर सरळ बसला होता. रुंद खांद्यांचा, हातांना घोड्याच्या मलमाचा वास. शारबानूला बघून तो उभा राहिला.

"तुम्ही आश्रमात आला होतात," तो म्हणाला. "लाल पेन्सिल होती तुमच्याकडे. मला एक गोळी दिली होतीत."

"आणि तुझ्याबद्दल काय लिहिलं ते कळलं का?"

"सकाळी कॅप्टनसाहेबांनी वाचून दाखवलं." तो जरा हसला. "पाव लपवायचो हे खरंय, आपाय. सकाळी भूक लागायची."

  शारबानू बाकावर त्याच्या शेजारी बसली आणि कामाला लागली. काल तो घरात गेला होता का? नाही, लग्नाआधी जावयानं सासूच्या खोलीत पाऊल टाकायचं नसतं. दुपारपासून तो पाहुण्यांचे घोडे बघत होता, पन्नास माणसांसमोर. आपली पिशवी दुपारीच खुंटीला लावली होती. मग संध्याकाळी तबेल्यात कोण कोण आलं?

"घोड्यावर आलेले सगळेच आले. खोगीर चढवायला दोन्ही हात लागतात, मग ज्याची त्याची पिशवी खुंटीवर. मालकांचे भाऊ सैतकाली आगा तर निघून गेल्यावर परत आले, चाबूक राहिला म्हणाले. मी घोडीच्या पायाला पट्टी बांधत तिथेच बसलो होतो. ते जरा घुटमळले, चाबूक नाही म्हणाले नि गेले."

"सगळ्या पिशव्या सारख्याच?"

"अक्बोताच्या आईनं जुन्या पडद्याच्या शिवल्या होत्या. निळी फुलं."

"आणि तुझ्या पिशवीत काय होतं?"

"छातीचा तुकडा. जावयाला दुसरं काय देतात? सकाळी अंधारात हात घातला तो तळाला साखळीच बोटांना लागली, मांस बघितलंच नाही."

शारबानूनं वळून मेदेतकडे पाहिलं. "जप्त केलेली पिशवी दाखव."

मेदेतनं टेबलावर निळ्या फुलांची पिशवी ठेवली. ती रिकामी होती.

"यातलं मांस कुठाय?"

कॅप्टन मेदेतचे कान लाल झाले.

३

"खराब झालं असतं, आपाय," तो म्हणाला. "पुरावा म्हणजे कडं. मांस म्हणजे... शिपाई उपाशी होते, सहापासून धावपळ..."

"तू काय खाल्लंस?"

"जे साहेबाला वाढतात ते."

"नाव घे, मेदेत."

"कमरेचं हाड," असं म्हणताना त्याची छाती अजून फुगलेली होती, आणि वाक्य संपता संपता ती हळूहळू खाली बसली.

कुठल्याही तीन वर्षांच्या पोराला ठाऊक असतं की बकरू कापलं की कुणाचं हाड कुणाला. डोकं सर्वांत थोराला. कमरेचं हाड मानाच्या पाहुण्याला, दाढी पांढरी झाल्याशिवाय ते हातात पडत नाही. छातीचा तुकडा जावयाला. हाड ताटातून ज्याच्या त्याच्या हातात देतात, चार लोकांदेखत, आणि उरलेलं ज्याचं तोच पिशवीत भरून घरी नेतो. यात चूक करणारा यजमान सात पिढ्या चेष्टेचा विषय होतो.

"एकोणतीस वर्षांच्या घोडेवाल्याच्या पिशवीत मानाचं हाड निघालं आणि तुला नवल वाटलं नाही?"

"माझ्यापुढे आलं तेव्हा वाटलं, आलंय ते बरोबरच आलंय," मेदेत पुटपुटला. शारबानूनं मनात नोंद केली की माणूस आपल्या मानाला कधी प्रश्न विचारत नाही. तीस वर्षं शिकवलेल्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा हे वाक्य तिला जास्त कामाचं वाटलं.

"म्हणजे पिशवी झोमार्तची नव्हतीच," ती म्हणाली. "कुणीतरी कडं आपल्या पिशवीत तळाशी दडवलं. पाहुण्याच्या वाट्यात हात घालायची कुणाची टाप आहे? खोगीर चढवताना पिशवी खुंटीला अडकवली, आणि निघताना घाईत शेजारची उचलली. पुढचं सोपं आहे. काल कमरेचं हाड कुणाकुणाला दिलं?"

मेदेतनं तोक्तारच्या घरी फोन लावला. उत्तर लगेच आलं, असल्या गोष्टी कुणी विसरत नाही. तीन पाहुणे. शहरातले व्याही अमान्ताय, मुलाच्या सासरचे. हेडमास्तर नुर्गाझी. आणि तोक्तारचा धाकटा भाऊ सैतकाली.

"व्याही मोटारीनं आले होते, तबेल्याकडे फिरकलेच नाहीत," मेदेत म्हणाला. "राहिले दोघं."

"हेडमास्तर ते कडं शाळेच्या संग्रहालयासाठी मागत होते ना?"

"तीन वर्षं. गेल्या महिन्यात भांडले त्यावरून."

घड्याळात साडेअकरा वाजले होते.

४

हेडमास्तरांच्या घरी त्यांची बायको चुलीपाशी होती. शारबानूनं आधी टोमॅटोचं विचारलं, मग सुनेचं, मग सहज म्हणाली, "कालच्या हाडाचं सूप छान झालं असेल."

"कसलं हाड?" ती म्हणाली. "पिशवी आणली ती नुसत्या गोळ्या-बिस्किटांची. मानाचा पाहुणा म्हणे. हाड घरी आलंच नाही."

मेदेतनं शारबानूला कोपरानं ढोसलं. तेवढ्यात हेडमास्तर आतून आले. हाड म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. त्यांनी दोघांना अंगणात, लाकडांच्या ढिगाआड नेलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "आपाय, तुमच्यापासून काय लपवायचं? मला सांध्यांचा त्रास आहे. डॉक्टरांनी मांस बंद केलंय. हिनं तर घरात चरबीचा वाससुद्धा बंद केलाय."

"मग?"

"मग काय. पुलावर घोडा थांबवला, बसलो, आणि सगळं खाल्लं. हाड नदीत टाकलं, तोंड धुतलं." क्षणभर त्यांच्या डोळ्यांत कालची चव तरळली. "काय मऊ होतं म्हणून सांगू."

"कुणी पाहिलं?"

"न पाहावं म्हणूनच तर पुलावर बसलो."

गाडीत बसल्यावर मेदेत म्हणाला, "हाड नदीत. म्हणजे खोटं कशावरून नाही? ध्येयासाठी चोरी, हाही सिद्धांत आहेच. तुमचं सहावं प्रकरण."

"अरे, माझी प्रकरणं कमी म्हण आणि गाडी जरा जास्त चालव. यांना कडं हवं होतं ते काचेच्या पेटीत, नावाची चिठ्ठी लावून, सगळ्या जगाला दाखवायला. चोरलेलं कडं कुठल्या पेटीत ठेवणार हा माणूस? पण सिद्ध काहीच होत नाही, हे खरं."

सैतकालीच्या दारात ते पोचले तेव्हा तो घरी नव्हता. भावाकडे गेला होता, 'चोर पकडला गेला त्याबद्दल भावाला धीर द्यायला'. त्याची बायको कुल्याश मात्र होती, आणि तिच्या घरातून ताज्या रश्श्याचा वास येत होता.

५

"बस गं शारबानू," कुल्याश म्हणाली. "बरी आलीस. आता तूच सांग, तू शिकलेली आहेस. सख्ख्या भावाचा कुणी असा अपमान करतो का?"

"काय झालं?"

"काय व्हायचंय." तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. आत छातीचा तुकडा रटरटत होता. "हे. हे दिलं माझ्या नवऱ्याला. जावयाचा वाटा. त्रेसष्टाव्या वर्षी कुणाचा जावई झालास रे बाबा, म्हटलं. मी तर तशीच निघाले होते जावेला जाब विचारायला."

"गेली नाहीस?"

"यानंच अडवलं. गप्प बस, कुणाजवळ बोलू नकोस, पोरींची चूक झाली असेल म्हणाला. पोरींची कशी होईल? ताटातलं हाड हातात पडतं, तिथेच तोंड उघडायचं ना."

शारबानू पातेल्याकडे बघत राहिली. हा तोच सैतकाली, ज्यानं पुतण्याच्या लग्नात चहाचा प्याला आपल्याआधी धाकट्या चुलतभावाला दिला म्हणून घोडा काढला होता आणि दोन वर्षं त्या घराची पायरी चढला नव्हता. त्यानं जावयाचं मांस निमूट घरी आणलं होतं.

"पिशवी उघडल्यावर काय केलं त्यांनी?"

"पांढराफटक पडला. मला वाटलं अपमानानं. जेवला नाही, परत घोड्यावर बसला, तासाभरानं आला तो अंगावर पांघरूण घेऊन झोपला."

"चाबूक विसरला म्हणून गेले होते म्हणे."

कुल्याशनं तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "चाबूक? त्या म्हाताऱ्या घोड्याला? अगं, चाबूक उगारला तर ते खाली बसेल. या माणसानं चाबूक घेतल्याला दहा वर्षं झाली असतील."

मेदेतनं वही मिटली. दारातून बाहेर पडताना तो एकच म्हणाला, "आपाय, पावणेदोन."

६

तोक्तारच्या दिवाणखान्यात माणसं मयताला बसावी तशी बसली होती. तोक्तार वरच्या जागी, शेजारी सैतकाली. दाराशी अक्बोता, डोळे सुजलेले. टेबलावर ते कडं पडलं होतं, सापडूनही कुणाला नको झालेलं.

"मी बोलणार आहे ते सगळ्यांसमोर," शारबानू उभ्यानंच म्हणाली. "आधी माझं. बावीस वर्षांपूर्वी मी एका भुकेल्या मुलाला चोर लिहिलं. ते खोटं होतं. मी शिकलेली होते, म्हणून जास्त खोटं होतं. ते मी आज लिहून देणार आहे, सहीनिशी."

 मग तिनं एकेक गोष्ट सांगितली. मेदेतच्या पुढ्यात आलेलं हाड. निळ्या फुलांच्या सारख्या पिशव्या. खुंट्या. पुलावर जेवलेल्या हेडमास्तरांची गोष्ट आली तेव्हा मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि हेडमास्तरीण उठून बाहेर गेली. शेवटी ती सैतकालीकडे वळली.

"आगा, तुमच्या घरी जावयाचा वाटा शिजतोय. काल तुमच्या हातात कमरेचं हाड पडलं, ते या खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं. ते निघालं झोमार्तच्या खुंटीवर, कड्याच्या वर. आता तुम्ही म्हणाल, पिशव्या बदलल्या, त्यात माझा काय दोष? खरंय. ज्याची नुसती पिशवी बदलली तो काय करतो? आरडाओरडा करतो. तुम्ही तर चहाच्या प्याल्यावरून दोन वर्षं अबोला धरणारे. काल एवढा अपमान झाला आणि तुम्ही बायकोला गप्प केलंत. कुणाला कळू नये म्हणून परत तबेल्यात गेलात, न नेलेला चाबूक शोधायला. झोमार्त घोडीपाशी बसून होता, म्हणून पिशवी हाती लागली नाही. आगा, मी आयुष्यभर माणसं वाचत आले, बहुतेक वेळा चुकीची वाचली. पण अपमान गिळणारा सैतकाली मी कधी पाहिला नाही. अपमानापेक्षा मोठं असं काय होतं त्या पिशवीत?"

सैतकालीनं भावाकडे पाहिलं. तोक्तारनं मान वळवली नाही.

"आईचं होतं ते," सैतकाली अखेर म्हणाला. आवाजात लाज नव्हती, राग होता. "माझ्या आईचं. चोराच्या सुनेच्या हातात जाणार होतं. मी चोरलं नाही, वाचवलं. आईची वस्तू उचलली तर चोरी कशी होते?"

"आणि तो पोरगा? तो आत गेला तेव्हा?"

"तो आज ना उद्या गेलाच असता. रक्तच तसं आहे. तुम्हीच लिहिलंय ना."

शारबानूला थप्पड बसल्यासारखं झालं, पण ती हलली नाही. "लिहिलंय. म्हणून तर तुम्हाला सोपं गेलं. मेदेत, आता नीट ऐक, हे पुस्तकात घाल. चोरी वाईट माणूसच करतो असं नाही. ज्याच्याजवळ सबब तयार आहे तो करतो. हे म्हणाले, वस्तू माझीच. मग म्हणाले, दुसरा तुरुंगात गेला तरी बिघडलं नाही, तो त्याच लायकीचा. यांची दुसरी सबब मी बावीस वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती."

तोक्तार अक्साकाल उठला. सत्तर वर्षांचा म्हातारा, पण उभा राहिला की खोली लहान व्हायची. भावाजवळ जाऊन तो इतकंच म्हणाला, "मागितलं असतंस तर दिलं असतं रे. पोरीला दुसरं घडवलं असतं." मग मेदेतला म्हणाला, "याला ने. मी अडवणार नाही. आणि त्याला मी आणतो."

"आगा, मी गाडीनं सोडतो ना त्याला..."

"सकाळी तू त्याला बेड्या घालून भर बाजारातून नेलंस. परत येईल तो मागल्या दारानं नाही येणार."

साडेतीनला चौकीसमोर घोडे उभे राहिले. पाच, दहा, मग मोजायचंच सोडलं. तोक्तारनं आपला करडा घोडा आणला होता, ज्याच्यावर त्यानं स्वतःच्या मुलालाही कधी बसू दिलं नव्हतं. झोमार्त बाहेर आला, उन्हात डोळे बारीक करून बघत राहिला. तोक्तार खाली उतरला. पांढऱ्या दाढीच्या माणसानं लगाम स्वतःच्या हातानं त्याच्या हातात दिला.

"मी सकाळी तुझ्यासाठी तोंड उघडलं नाही," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "चूक झाली, बाळा. माफ कर आणि बस."

 झोमार्त रिकिबीत पाय टाकून वर बसला. तसं कुणीतरी आरोळी दिली आणि अख्खी वरात बाजाराच्या रस्त्याला लागली.

सकाळी ज्या खिडक्या लागल्या होत्या त्या उघडल्या. आधी भाकरीवाली म्हातारी बाहेर आली, ओचा भरून. लग्नात, बारशाला, कुणी परतून आलं की बायका उधळतात तशा तिनं गोळ्या-चॉकलेटं त्याच्यावर उधळली. मग शेजारीण, मग औषधवाल्याची बायको, मग सगळीच. पोरं घोड्यांच्या पायांतून गोळ्या वेचायला धावली, घोडे फुरफुरले, आणि अक्बोता डोक्यावरचा रुमाल मागे पडला तरी न सावरता करड्या घोड्याच्या रिकिबीला धरून चालत होती. ती आता रडत नव्हती. ती लोकांकडे एकेकाच्या तोंडाकडे बघत होती आणि लोकच नजर खाली घालत होते.

मेदेतच्या गाडीच्या टपावर गोळ्या ताडताड पडल्या. "आपाय," तो म्हणाला, "अहवालात कारण काय लिहू? वंश, बालपण की संगत?"

"मेदेत, आज मला काही विचारू नकोस, आज मी खुशीत आहे," शारबानू म्हणाली. गुडघा ठणकत होता, तरी ती गाडीतून उतरली आणि गर्दीत शिरली.

झोमार्तनं तिला पाहिलं आणि घोडा थांबवला. मागची सगळी वरात थांबली.

"आपाय," तो वरून म्हणाला, "लग्न पुढच्या महिन्यात नाही. येत्या शुक्रवारी आहे. माझ्याकडून वडीलधारं कुणी नाही. तुम्ही याल?"

"कुणाच्या जागी बसू?"

"आईच्या," झोमार्त म्हणाला, आणि सगळा बाजार ऐकत असताना शारबानूनं हो म्हटलं.